अंबरोलीच्या बाई

१८२९ सालचा उन्हाळा. हर्णैच्या बंदरात तेहतीस वर्षांची एक स्कॉटिश बाई मराठी बाराखडी शिकत होती. नाव मार्गारेट विल्सन, माहेरची मार्गारेट बेन. ग्रीनॉक या बंदराच्या गावी पाद्र्याच्या घरात तिचा जन्म झाला. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये तिचं जॉन विल्सन यांच्याशी लग्न झालं. लगेच जहाज, आफ्रिकेच्या टोकाला वळसा, पाचेक महिन्यांचं पाणी, आणि फेब्रुवारीत मुंबई. मुंबईत पाय टेकतात न टेकतात तोच दोघं नवराबायको कोकणात आली. स्कॉटिश मिशनचं तेव्हाचं ठाणं बाणकोट-हर्णैच्या पट्ट्यात होतं आणि नव्या माणसाने आधी तिथे राहून भाषा शिकायची, मग काम, असा त्यांचा रिवाज होता.

ती भाषा शिकत होती कशावरून? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापून यायला अजून दोन वर्षं होती. हाताशी होता तो व्हॅन्स केनेडीचा १८२४ सालचा लहानसा कोश आणि विल्यम केरीचं त्याहून जुनं व्याकरण. खरी शाळा म्हणजे समोर बसलेला शास्त्री. तो म्हणेल तसं म्हणायचं. ‘ळ’साठी जीभ वळवायची. ‘चार’मधला च निराळा आणि ‘चमचा’मधला निराळा हे कानाने ओळखायचं. घर म्हटलं की सोपं, पण घराला, घरात, घरून म्हणताना मधला तो ‘रा’ आणि ‘रू’ कुठून उगवतो हे सांगणारं पुस्तक नाही. आणि बाईमाणसाची आणखी एक अडचण. शास्त्री पुरुष, तेव्हा तो आपला ‘मी जातो, मी म्हणतो’ असंच म्हणणार. ऐकलं तसं उच्चारणाऱ्या बाईला ‘मी जाते’ हे कुणीतरी वेगळं सांगावं लागणार. मराठीत क्रियापदही बोलणाऱ्याचं बाईपण-पुरुषपण सांगतं. म्हणजे बाईने मराठी शिकायची तर बायकांच्या तोंडूनच शिकली पाहिजे. मार्गारेटबाई शिकवायला म्हणून आलेल्या, पण त्यांना पहिले काही महिने विद्यार्थिनी म्हणूनच काढावे लागले.

मिशनऱ्यांच्या शाळांबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुतेक धर्मांतराच्या खटल्यांबद्दल. त्या खटल्यांकडे मी पुढे येणार आहेच, ते टाळून हा इतिहास सांगता येत नाही. पण त्या गदारोळाच्या आधी आणि त्याच्या आड गिरगावात रोज सकाळी शाळा भरत होत्या. तिथे परदेशातून आलेली एक बाई, पगारावर ठेवलेला एक पंतोजी आणि समोर दहावीस मुली असत. मला सांगायचं आहे ते त्या शाळेबद्दल आणि त्या बाईबद्दल.

विल्सन दांपत्याच्या आधी मुंबईत अमेरिकन आले होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा कंपनी सरकारला मिशनरी नको होते. व्यापारात धर्माचा वाद घुसला तर रयत बिथरेल, ही कंपनीची जुनी धास्ती. त्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू. गव्हर्नर सर इव्हन नेपियन यांनी दोघांना परत धाडण्याचा हुकूम काढला. ते गुपचूप कोचीनला निघून गेले, तिथून पकडून पुन्हा मुंबईत आणले गेले. मध्यंतरी लंडनमध्ये कंपनीची सनद नव्याने मंजूर झाली, तिने मिशनऱ्यांना दार किलकिलं केलं आणि हे दोघे राहिले. नॉट प्रकृतीमुळे लवकरच परतले. हॉल राहिले, मराठीत बोलू लागले, शाळा काढल्या, सहकाऱ्यांनी छापखाना उभारला. त्या अमेरिकन छापखान्याचं काम पाहूनच गणपत कृष्णाजींना स्वतःचा छापखाना काढायची उमेद आली आणि पुढे त्यांच्या शिळाप्रेसवर पंचांगं आणि पोथ्या छापल्या गेल्या. हत्यार एकाने एका हेतूने आणलं आणि दुसऱ्याने ते आपल्या कामाला लावलं. ही गोष्ट इथेच नोंदवून ठेवतो, कारण मुलींच्या शाळांचंही पुढे तसंच झालं.

हॉल १८२६ मध्ये नाशिककडे फिरतीवर असताना पटकीने गेले. त्यांचे सहकारी सॅम्युएल न्यूएल पाच वर्षं आधी मुंबईतच पटकीने गेले होते. तेव्हाच्या मुंबईत परका माणूस किती दिवसांचा, याचा हिशोब कुणी मांडत नसे.

याच अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींसाठी पहिली शाळा काढली. दोन वर्षांत शाळा वाढल्या. मग प्रश्न आला की या चालवणार कोण? मिशनऱ्यांच्या बायका पाहत होत्या, पण त्यांना स्वतःची मुलंबाळं, आजारपणं, बाळंतपणं. म्हणून मुंबईच्या मंडळींनी बोस्टनला, मिशनच्या मुख्य बोर्डाला लिहिलं, की एखादी सडी बाई पाठवा, जिचं काम फक्त शाळा हेच असेल. मागणी साधी वाटते, पण त्या काळी ती धाडसाची होती. लग्न न झालेल्या बाईला सातासमुद्रापलीकडे एकटी पाठवायचं हे बोस्टनच्या बोर्डाला सहज पचणारं नव्हतं. बेट्सी स्टॉक्टन ही गुलामगिरीत जन्मलेली अविवाहित स्त्री त्यांनी १८२२ मध्ये हवाईला पाठवली होती, पण एका मिशनरी कुटुंबाच्या सोबतीने. निव्वळ शिक्षिका म्हणून, स्वतःच्या नेमणुकीवर जाणारी बाई त्यांना मिळाली ती सिंथिया फरार.

फरारबाई न्यू हॅम्पशायरमधल्या मार्लबरो गावच्या. जन्म १७९५ चा. मार्गारेटबाईंचाही त्याच सालचा. अटलांटिकच्या दोन काठांवर एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन बायका, आयुष्याची तिशी उलटल्यावर, दीडेक वर्षाच्या अंतराने एकाच शहरात येऊन एकच काम करू लागल्या. फरारबाई १८२७ च्या जूनमध्ये बोस्टनहून निघाल्या, कलकत्त्यामार्गे वर्षअखेरीस मुंबईला पोचल्या. त्यांचा हुद्दा मुलींच्या शाळांची देखरेख. उपदेश करायचा नाही, ते पुरुषांचं काम.

मार्गारेटबाई १८२९ च्या अखेरीस मुंबईत परतल्या आणि त्यांनीही लगोलग मुलींच्या शाळा सुरू केल्या. पुढे त्यांचं ठिकाण झालं गिरगावातली अंबरोली. आजचं गिरगाव डोळ्यांसमोर आणू नका. माडांच्या वाड्या, मधून पायवाटा, विहिरी, कौलारू नि झावळ्यांची घरं, आणि वाऱ्यावर खारा वास, कारण बॅकबेचं पाणी आतापेक्षा कितीतरी जवळ होतं. कोटाबाहेरची ही वस्ती तेव्हा नुकती दाट होऊ लागली होती. कोकणातून येणारी माणसं इथेच टेकायची.

शाळा म्हणजे काय? भाड्याने घेतलेली एक खोली किंवा कुणाची ओसरी. बाकं नाहीत, फळा नाही. जमिनीवर बसायचं. पुढ्यात धूळपाटी, म्हणजे लाकडी पाटावर पसरलेली बारीक धूळ, तिच्यावर बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचं, हाताने सारखं करायचं, पुन्हा काढायचं. शिकवायला पंतोजी, बहुधा ब्राह्मण, कारण लिहिणंवाचणं येणारी बाई मिळणं जवळजवळ अशक्य. बाई मिशनच्या, शिक्षक हिंदू, मुली हिंदू, आणि शिकवायचं पुस्तक मिशनच्या छापखान्यातलं. या मांडणीतली ओढाताण पंतोजीला कळत नसेल असं नाही. पोटासाठी तो ख्रिस्ताच्या गोष्टी वाचून दाखवत असे आणि घरी जाऊन आंघोळ करत असे. मिशनऱ्यांना हे ठाऊक होतं. दुसरा इलाज नव्हता.

मुली यायच्या त्या बहुतेक गरीब घरांतल्या. वरच्या जातींतल्या, सुखवस्तू घरांतल्या मुली अशा शाळेत येणं तेव्हा दुरापास्तच. शाळेत येणाऱ्या मुलींनाही घरून बोलावून आणायला बायका ठेवाव्या लागत. सकाळी आळीआळीतून फिरून मुली गोळा करायच्या नि शाळेत आणून सोडायच्या, हेच त्या बायकांचं काम. आई पाण्याला गेलेली, धाकटं भावंड कडेवर, तर ते भावंड घेऊनच मुलगी यायची. आणि फार दिवस यायचीही नाही. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न, मग सासर. अक्षरं जुळवून वाचता येऊ लागलं न लागलं तोच हळद लागायची. शिक्षकाच्या धंद्यातलं हे दुःख किती खोल असेल याचा मी अनेकदा विचार करतो. मूल नापास होण्याचं दुःख वेगळं. इथे मूल उमलायला लागलं की दुसऱ्या दिवशी त्याची जागा रिकामी.

तरी शाळा टिकल्या. १८२९ च्या सुमारास फरारबाईंच्या देखरेखीखालच्या शाळांतल्या मुली चारशेच्या घरात होत्या, आणि त्यांतल्या सव्वाशेएक जणींना वाचन, लेखन आणि साधं शिवणकाम येत होतं. चारशेत सव्वाशे हा आकडा लहान वाटेल. पण मुलीच्या हातात पुस्तक दिलं तर ती विधवा होते, असं माणसं मनापासून मानत होती, तेव्हाचा हा आकडा आहे.

शिवणकामाबद्दल दोन शब्द. आजच्या वाचकाला वाटेल, शिकवून शिकवून काय, तर सुईदोरा! पण पालकांना पटेल असा तोच एक विषय होता. वाचून मुलीचं काय होणार हे आईला दिसत नव्हतं, शिवलेला तुकडा मात्र हातात घेऊन पाहता येत होता. मुली वाचत त्या बाळबोध लिपीत. पेढीवर, कचेरीत, घरच्या पत्रांत चालायची ती मोडी. बाळबोध ही पोथीची आणि आता नव्याने छापाची लिपी. म्हणजे या मुलींना घरातला हिशोब किंवा भावाचं पत्र वाचता येईलच असं नव्हतं, पण छापलेलं पुस्तक वाचता येत होतं. तेव्हा छापील मराठी पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकी होती. पुढच्या तीस वर्षांत ती झपाट्याने वाढली. या मुलींच्या हाती लिपी आधी आली आणि वाचण्याजोगं मागून आलं.

मार्गारेटबाईंचा दिवस कसा जात असेल? शाळांची फेरी, घरी आलेल्या मुलींना शिकवणं, स्वतःचा भाषेचा अभ्यास, मराठीबरोबर गुजरातीही, नवरा कोकण-दख्खनच्या फिरतीवर गेला की मिशनचा सगळा कारभार, आणि घरात लहान मुलं. थोरला अँड्र्यू मुंबईतच जन्मला. पुढे हिमालयातून केलेल्या प्रवासावर पुस्तक लिहून नाव मिळवलेला अँड्र्यू विल्सन तो हाच. घरी पत्र पाठवलं तर उत्तर यायला जवळजवळ वर्ष लागायचं. मुंबईहून सुएझकडे पहिली आगबोट, ह्यू लिंडसे, निघाली ती १८३० मध्ये, आणि तीही वर्षातून जेमतेम एखादी खेप. बहिणीने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर लिहायचं तोवर प्रश्न शिळा झालेला असायचा.

१९ एप्रिल १८३५ रोजी मार्गारेटबाई मुंबईत वारल्या. मुंबईत येऊन त्यांना सहा वर्षं नि दोन महिने झाले होते. वय चाळीसच्या आत. नवऱ्याने लिहिलेलं त्यांचं चरित्र १८३८ मध्ये एडिंबरोला छापून निघालं. ते वाचणारे स्कॉटलंडात पुष्कळ होते. गिरगावात ज्या मुलींनी त्यांच्याकडे अक्षरं गिरवली त्यांच्यातल्या कुणी काही लिहून ठेवल्याचं दिसत नाही. या सगळ्या इतिहासाची हीच मोठी उणीव आहे. जे कळतं ते बाईंच्या बाजूने, आणि मुलींची बाजू आपल्याला अंदाजानेच भरावी लागते. मार्गारेटबाईंच्या पश्चात त्यांच्या दोन बहिणी, अॅना बेन आणि हे बेन, स्कॉटलंडहून निघून आल्या आणि त्यांनी शाळा पुढे चालवल्या. बहीण जिथे गेली तिथेच, तेच काम करायला निघालेल्या या दोघींकडे इतिहासकारांनी फारसं पाहिलेलं नाही.

आता त्या वादळाकडे. जॉन विल्सन हे वादप्रिय गृहस्थ होते. १८३१ मध्येच मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. दोन्ही बाजूंनी पुस्तकं निघाली. १८३२ मध्ये त्यांनी अंबरोलीला मुलग्यांसाठी इंग्रजी शाळा काढली, जिचं पुढे विल्सन कॉलेज झालं. तिथे १८३९ च्या मे महिन्यात धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबईत आग भडकली. पारशी समाज कोर्टात गेला. कोर्टाने मुलगा जाणता आहे, त्याने हवं तिथे राहावं, असा निकाल दिला. पण शाळा एका रात्रीत ओस पडली. पारशी मुलगे सगळेच गेले, हिंदू पालकांनीही मुलं काढून घेतली. पुन्हा १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अजून अल्पवयीन. तो मिशनऱ्यांकडे राहिला होता. कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केलं आणि मग प्रश्न उठला, की याला पुन्हा जातीत घ्यायचं की नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावं असा पक्ष धरला. त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष आणि बहिष्काराचा जाच सोसला.

इथे मला माझं मत सांगितलंच पाहिजे. त्या आईबापांची भीती खोटी नव्हती. मुलाला शिकायला पाठवावं आणि त्याने घर, जात, देव सोडून यावं ही भीती ज्यांच्या घरात खरी झाली त्यांचा आक्रोश पोकळ कसा म्हणावा? मिशनरी शाळेचा अंतिम हेतू धर्मप्रसार हाच होता, तो त्यांनी कधी लपवलाही नाही. मार्गारेटबाईंच्या शाळेतही तो होता, फरारबाईंच्याही. मुलींना धर्मप्रश्नोत्तरी पाठ करायला लावत ती केवळ वाचन सुधारावं म्हणून नव्हे. हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट उरते. मुलीला अक्षर यावं म्हणून मुंबईत रोज सकाळी दार उघडून बसणारं पहिलं माणूस ही परकी बाईच होती. आपल्याकडच्या शहाण्यांना ते सुचलं, पण दोन तपांनी.

सुचलं तेव्हा मात्र नेटाने सुचलं. १८४८-४९ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमधल्या तरुणांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली आणि मुलींच्या मराठी-गुजराती शाळा सुरू केल्या. दादाभाई नौरोजी त्यात होते. सुरुवातीला हे तरुण स्वतः फुकट शिकवत. धर्मपुस्तक मात्र वर्गात आणायचं नाही, हा नियम. जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या गिरगावच्या वाड्यात शाळेला जागा दिली. मिशनच्या शाळेत मुलगी पाठवायला कचरणाऱ्या घरांतल्या मुली शंकरशेटांच्या वाड्यात येऊ लागल्या. अंबरोलीपासून हे अंतर चालत जाण्याइतकं. मुलगी शाळेत जाऊ शकते हे गिरगावाने वीस वर्षं रोज पाहिलं होतं. आता भीतीचं कारण तेवढं बाजूला काढलं होतं.

आणि फरारबाई? दहा वर्षांच्या मुंबईने त्यांची प्रकृती खालावली. १८३७ मध्ये त्या अमेरिकेला परतल्या. तिथे राहून जाणं सहज शक्य होतं, कुणी बोल लावला नसता. १८३९ मध्ये त्या पुन्हा आल्या, या वेळी अहमदनगरला. पुन्हा शून्यातून मुलींच्या शाळा. मराठी मात्र आता शून्यातून नव्हती, ती मुंबईत कमावलेली सोबत होती.

१८४८ साली त्यांतल्या एका शाळेत पुण्याहून एक एकवीस वर्षांचा तरुण आला. त्याचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला नोकरीत होते, त्यांनी त्याला शाळा दाखवायला आणलं. हा तरुण स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला. मुलींचा तो वर्ग पाहून आपण काय ठरवलं हे जोतीराव फुल्यांनी पुढे स्वतः सांगितलं आहे, आणि सांगताना फरारबाईंचं नाव घेतलं आहे. त्याच वर्षी पुण्यात त्यांची मुलींची शाळा सुरू झाली. जोतीरावांच्या पत्नी सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले त्यांतही नगरच्या फरारबाईंचं नाव सांगितलं जातं. ‘मी जाते, मी म्हणते’ हे कधीतरी मुंबईतल्या बायकांकडून ऐकून शिकलेली बाई आता नायगावच्या पाटलांच्या या लेकीला वर्ग कसा घ्यायचा ते मराठीतून दाखवत होती.

जानेवारी १८६२ मध्ये फरारबाई नगरलाच वारल्या. पहिल्यांदा मुंबईला उतरल्यापासून चौतीस वर्षं झाली होती. त्यांच्या मिशनचं पाक्षिक म्हणजे ज्ञानोदय. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चच्या अंकांत त्यात एक निबंध छापून आला होता, मांग-महारांच्या दुःखाविषयी. लिहिणारी होती फुल्यांच्या शाळेत शिकलेली, मांग समाजातली मुक्ता साळवे. वय चौदा.